दुमडीतला चौथा रंग

रविवारी चार वाजता आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की ओर्तांस बित्सिंदू दिसते. निळा सूट, पांढरे बूट, हातात बापाची काठी, तोंडात बापाचा न पेटवलेला पाइप. डाव्या पायावर जरा दबून चालते. तिचा गुडघा ठणठणीत आहे हो. दुखायचा तो तिच्या बापाचा, आणि बापाला जाऊन आता दीड वर्ष होत आलं.

लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. मी माझ्या इस्त्रीच्या टपरीतून बघते. त्या पोरीची मला कीव येते आणि स्वतःचा संताप येतो. का येतो ते सांगते. मला गोड बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी पास्कालीन. नदीकाठच्या बाकोंगो वस्तीत, याच गल्लीत, कोळशाची इस्त्री फिरवता फिरवता म्हातारी झाले. आमच्या भागातले सूटवाले म्हणे जगात प्रसिद्ध आहेत. असतील. मला ते काखेतल्या घामाच्या डागांवरून ठाऊक आहेत. घरात मनिऑकच्या कंदाच्या पिठाचा डबा खडखडाट करत असेल, छपरातून पाणी गळत असेल, पण रविवारी कोटाला सुरकुती? छे! मेलेलं परवडलं. ओळीने येतात माझ्याकडे शनिवारी सकाळी, कोट लहान बाळासारखे दोन्ही हातांवर घेऊन. "मा पास्कालीन, खांद्याला जपून हं." अरे बाबा, तुझ्या जन्माच्या आधीपासून खांदे जपतेय मी.

त्यांच्यात फुल्झांस बित्सिंदू सगळ्यांचा गुरू. माझ्याच वयाचा. लहानपणी एकाच नळावर आम्ही बादल्यांवरून भांडलोय, त्यामुळे बाकीचं जग त्याला मानाने 'ता फुल्झांस' म्हणायचं आणि मी नुसतं 'फुल्झांस'. तोही मला 'पास्का' म्हणायचा. या जगात मला पास्का म्हणणारा तो एकटाच उरला होता. आठवडाभर नदीच्या धक्क्यावर पोत्यांच्या वजनकाट्यापाशी उभा असायचा, अंगभर पीठ. रविवारी मात्र बघावं! त्याची खासियत मोजे. चालता चालता थांबायचा, काठी टेकवायचा, दोन बोटांनी पॅंट जराशी वर उचलायचा, आणि आतला मोजा दिसला की अख्खी गल्ली "आऽऽ" करायची. पाय दाखवून इतकं कौतुक मिळवणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

पण या कौतुकाला एक कुंपण होतं. त्यांचं मंडळ आहे, 'तीन रंग मंडळ'. नावातच सगळं आलं. डोक्यापासून पायापर्यंत अंगावर तीनच रंग. टोपी, रुमाल, पट्टा, मोजे, सगळं धरून तीन. माणूस गल्लीत शिरला की लोक मोठ्याने मोजतात, "एक! दोन! तीन!" आणि मग श्वास रोखून बघतात. चौथा सापडला तर संपलं. वर्षभर लोक त्याला 'पोपट' म्हणून हाका मारतात. ता प्रॉस्पेर नावाच्या एका बिचाऱ्याच्या खिशातून एकदा हिरव्या पेनाचं टोपण डोकावलं होतं. सहा वर्षं झाली, अजून पोपट.

आणि अशा माणसाच्या पोटी ओर्तांस!

आई ती आठ वर्षांची असताना गेली. फुल्झांसनेच वाढवली. मोठी झाल्यावर तिने टोटल बाजारात बटणं, चेन, हुक, दोऱ्यांचं दुकान टाकलं, आणि दुकानातला अर्धा माल विकण्याऐवजी अंगावर घालायला लागली. शिंप्याच्या अंगुस्तानांची कानातली. मोजपट्टीचा पट्टा. केसांत कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे, सात-आठ, ओळीने. एकदा तर प्रेशर कुकरच्या जुन्या रबराच्या बांगड्या करून आली. मी म्हटलं, "अगं, आज भात कशात शिजवलास?" तर म्हणते, "भाताचं सोड मा, हात बघ माझा, कसा दिसतो?" खरं सांगू? छान दिसत होता. बाजारातल्या पोरी तिच्या दुकानाभोवती घोळका करायच्या. सोमवारी ओर्तांसने जे कानात घातलं, ते गुरुवारी शहराच्या दुसऱ्या अंगाला, पोटो-पोटोपर्यंत पोरींच्या कानात.

बापलेकीचं रविवारचं भांडण म्हणजे गल्लीची करमणूक. फुल्झांस दारात उभा राहून तिला मोजायचा. "एक, दोन, तीन, चार, पाच... पास्का, जरा ये गं, मला पुढचे आकडे येत नाहीत!"

"बाबा, तुम्ही तीनपर्यंतच शिकलात, त्याला मी काय करू?"

"माणसाने कुठे थांबायचं हे कळलं पाहिजे."

"मी अजून सुरूच नाही केलं!"

लोक पोट धरून हसायचे. तेही दोघं हसायचे. पण त्या हसण्यात ओर्तांसचा एक काटा होता, तो मला ठाऊक होता. नऊ वर्षांची असताना तिने लाल चेन गुंडाळून गुंडाळून एक फूल केलं होतं, मागे सेफ्टी पिन. आई गेल्यावर तिने स्वतःच्या हाताने केलेली पहिली वस्तू. बापाच्या वाढदिवसाला दिली. फुल्झांस म्हणाला, "सुंदर आहे पोरी. पण हा चौथा रंग झाला ना." आणि आठ दिवसांनी म्हणाला की ते फूल धक्क्यावर कुठेतरी पडलं. पोर मोठी झाल्यावर एकदा मला म्हणाली, "पडलं-बिडलं काही नव्हतं, मा. त्यांना लाज वाटली. नदीत टाकलं असणार." त्या दिवसापासूनच ती रंगावर रंग चढवत सुटली, असं माझं मत.

आता ऐका. ते फूल पडलं नव्हतं. नदीतही गेलं नव्हतं. ते माझ्या हातात दर शनिवारी येत होतं.

कोटाच्या कॉलरची जी बाहेर वळलेली दुमड असते ना, छातीवरची, तिच्या आतल्या अंगाला फुल्झांस ते टाचून ठेवायचा. वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही. पहिल्यांदा इस्त्री करताना माझ्या बोटाला पिन लागली तेव्हा कळलं. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "पास्का, शपथ घे. कुणाला सांगायचं नाही."

"अरे, पण पोरीला तरी सांग!"

"तिला सांगितलं तर ती म्हणेल बाहेर लावा. आणि बाहेर लावलं तर मी काय राहिलो? लोक मोजतात गं."

मी शपथ घेतली. पंचवीस वर्षं दर शनिवारी ते फूल काढलं, इस्त्री केली, आणि परत त्याच दोन भोकांत टाचलं. कोट बदलले, फूल तेच. एकदा माझी बुद्धी कुठे गहाण पडली होती कोण जाणे, मी ते बाहेरच्या बाजूला लावून दिलं. फुल्झांस घरातून निघून दहा पावलं आला आणि त्याला दिसलं. दुखऱ्या गुडघ्याने धावत माझ्या टपरीत शिरला, फूल आत खुपसलं, आणि दम खात म्हणाला, "पास्का, या वेळी चुकून बाहेर लागलं की गं. तुझ्याकडून असं होत नाही कधी." रागावला नाही. पण बाहेर पडायच्या आधी त्याने ती दुमड तीनदा चाचपून पाहिली. रविवारचा तो ऐटबाज माणूस, आणि एका लाल चेनला इतका घाबरलेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा कोट नाही, कोंडवाडा आहे.

फुल्झांस गेला शुक्रवारी, झोपेत. शनिवारसाठी त्याचा निळा सूट गुरुवारीच माझ्याकडे आला होता. फूल काढून मी डब्यात ठेवलेलं. त्याला पुरलं ते पांढऱ्या सुटात, आणि ते फूल राहिलं माझ्याकडे.

पुरायच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष याया अनिसे माझ्याकडे आले. म्हणाले, "निळा कोट दे." मी दिला. कशाला हवाय हे विचारलं नाही. मला वाटलं, पेटीवर ठेवतील.

आता हे नीट समजून घ्या, सगळं इथेच अडकलंय. आमच्याकडे 'मातोंदो' म्हणजे नुसतं 'आभारी आहे'. पाणी दिलं, मातोंदो. वाट दिली, मातोंदो. दिवसातून पन्नासदा म्हणतो. पण मंडळाचा नियम असा की गेलेल्या सदस्याचा कोट ज्याच्या खांद्यावर टाकला त्याने मातोंदो म्हटलं, तर तो कोट त्याचा. म्हणजे त्याने तो घालायचाच. नको असेल तर गप्प राहायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही, कोट पुढच्याच्या खांद्यावर जातो.

ओर्तांसला हा नियम पाठ होता, त्याच घरात वाढलेली ती. पण कबरीपाशी ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती. मागून कुणीतरी खांद्यावर काहीतरी टाकलं. गार वारा होता. तिला वाटलं, कुणी शाल घातली. लहानपणापासून लावलेलं वळण! वर न बघता ती म्हणाली, "मातोंदो."

आणि मग उठली. तासभर मांडी घालून बसल्याने डावा पाय बधिर झालेला. दोन पावलं लंगडत चालली. बस्स! तो कोट, ते लंगडणं! लोकांनी आरोळी ठोकली, "फुल्झांस! फुल्झांस परत आला!" म्हातारे ढसाढसा रडायला लागले. पोर भांबावून मागे बघते, की कोण आलं!

याया अनिसेंनी तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, तू शब्द दिलास. दुखवटा उतरेपर्यंत एक वर्ष. बापासाठी एवढं करशील ना?"

बापाची माती अजून ओली. काय बोलणार ती? हो म्हणाली.

ते वर्ष मी जवळून पाहिलंय. कोट तिला खांद्यात ढगळ आणि कंबरेखाली घट्ट. मी कंबरेत दोन चुण्या सोडून दिल्या, तर मंडळाने त्या पुन्हा घालायला लावल्या. "फुल्झांसचा कोट आहे, त्याला हात लावायचा नाही." उन्हात तीन तास चालायची, घामाने निथळून माझ्याकडे यायची आणि पाणी मागायची. कानातली, बांगड्या, चिमटे, सगळं तिच्या आत्याने, मा सिदोनीने, दूध पावडरच्या डब्यात भरून पलंगाखाली ढकललं. "बाप गेलाय आणि कानात अंगुस्तानं कसली!" बाजारातल्या पोरी काही दिवस आल्या, तिचे रिकामे कान बघून गप्प झाल्या, मग यायच्या थांबल्या.

आणि नाव! नाव गेलं तिचं. कांदे घ्यायला गेली तरी, "ए फुल्झांस, मोजे दाखव!" दुकानात बसली तरी, "ता फुल्झांस, आज कुठला मोजा?" आधी हसायची. मग नुसती पॅंट वर उचलायची आणि दुसरीकडे बघायची. एकदा माझ्या टपरीत बाकावर बसून म्हणाली, "मा, सकाळी आरशात बघते तर ते दिसतात. बरं वाटतं, खोटं नाही सांगत. पण मग मी कुठे गेले?"

"एक वर्षाचाच प्रश्न आहे गं," मी म्हटलं.

"हो. बघ." तिने कोटाच्या खिशातून एक दोरा काढला. दर रविवारी घरी परत आली की ती त्यात एक बटण ओवत होती. प्रत्येक वेगळ्या रंगाचं. "बावन्न झाली की माळ पुरी. दुखवटा उतरवायच्या दिवशी घालणार. पिवळा झगा शिवलाय, त्याला खांद्यापासून खालपर्यंत चेनच चेन लावल्यात. तू इस्त्री करून देशील ना? चेनवरून इस्त्री फिरवायला फक्त तुलाच जमेल."

त्या वेळी ते फूल माझ्या डब्यात, तिच्यापासून दोन हातांवर होतं. काढून तिच्या हातात द्यायचं होतं, एवढंच. पण मी मनात म्हटलं, मेलेल्या माणसाला शब्द दिलाय. आणि दुसरंही सांगून टाकते, लपवत नाही: फुल्झांसचा चौथा रंग बाहेर आला असता तर मंडळ पहिल्यांदा माझ्यावर उखडलं असतं. शनिवारची ती कोटांची रांग. म्हातारपणी ती रांगच माझी सोबत आहे. घाबरले मी. दुसरं काही नाही.

दुखवटा उतरवायचा दिवस आला. सकाळपासून गल्लीत मांडव, साका-साकाच्या पालेभाजीची पातेली, ताडीचे कॅन, ढोल. रीत अशी की आत्या दुखवट्याचे कपडे उतरवते, अंघोळ घालते, आणि माणूस नवे कपडे घालून लोकांत येतो. पिवळा झगा मी पहाटेच इस्त्री करून नेऊन दिला. चेनचे दात एकेक करून सरळ केले होते. ओर्तांसने तो छातीशी धरला आणि माझ्या गालाचा मुका घेतला. तिच्या गळ्यात बावन्न बटणं खुळखुळत होती. वर्षभरात इतकी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. मीही त्या दिवशी ते फूल पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. म्हटलं, आज सुटली पोर, आता देऊन टाकते, फुल्झांसने वरून काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.

अंघोळ झाली. ती अंगाला कापड गुंडाळून, ओल्या केसांनी अंगणात आली. झगा आत्याच्या हातात. तेवढ्यात ढोल थांबला आणि मंडळाचे सगळे म्हातारे ओळीने आत आले. पुढे याया अनिसे, दोन्ही हातांवर कोट. नवा कोरा! निळाच, पण तिच्या मापाचा. कंबरेत चुण्या, खांदे अरुंद, सगळं तिच्यासाठी शिवलेलं. मागे पोपट झालेला ता प्रॉस्पेर, त्याच्या हातात पांढरे बूट, तिच्याच पायाचे. माप चोरून घेतलं होतं म्हणे, आत्याकडून.

"पोरी," याया अनिसे म्हणाले, "बापाच्या कोटात तू एक वर्ष अंग चोरून चाललीस. आम्हाला दिसत नव्हतं का? आता हा तुझा. आम्ही सगळ्यांनी मिळून शिवलाय. प्रॉस्पेरने स्वतःची सायकल विकून टाकली यासाठी."

ता प्रॉस्पेर मान खाली घालून लाजला. लोकांना हुंदके आवरेनात. दावणीला बांधायचंच तर जनावराला मारून बांधतात; या लोकांनी कुरवाळून बांधलं.

कोट तिच्या ओल्या खांद्यांवर पडला.

सगळे थांबले. आता तो एक शब्द.

ती बोलली नाही. ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिली. मला कळलं, ही नाही म्हणतेय. शाबास पोरी, मी मनात म्हटलं, अशीच राहा, थोडा वेळ अशीच राहा, मग ते कोट उचलतील.

आत्या पुढे सरकली. "अगं, तोंड उघड ना. एवढी माणसं उभी आहेत."

"राहू दे, भरून आलंय तिला," कुणीतरी म्हणालं.

ती गप्पच. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. ता प्रॉस्पेरच्या हातातले बूट हळूहळू खाली आले. याया अनिसेंचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "तुझ्या बापाने चाळीस वर्षांत कधी चौथा रंग अंगाला लावला नाही, ओर्तांस. सोन्यासारखा माणूस. त्याचं नाव तुझ्याशिवाय कोण चालवणार?"

आणि ओर्तांसने माझ्याकडे बघितलं.

तिला काही ठाऊक नव्हतं हो! झग्याची इस्त्री मी केली होती, म्हणून बघितलं असेल, की या गर्दीत एक तरी माणूस आपलं आहे. माझ्या पदराच्या गाठीत ते फूल होतं. मी एक पाऊल पुढे टाकून एवढंच म्हणायचं होतं की लावला होता, दर रविवारी लावला होता, हा बघा! एक वाक्य. मी आयुष्यभर बडबड करत आले, गल्लीत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि त्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

"मातोंदो," ओर्तांस म्हणाली.

ढोल, शिट्ट्या, आरोळ्या. पिवळा झगा आत्याने घडी घालून बाजूला ठेवला. कुणाचा तरी पाय लागून तो खुर्चीखाली गेला.

चार दिवसांनी मी तिच्या दुकानात गेले. ती दोरा कापून माळेतली बटणं परत रंगवार खणांत टाकत होती. मी ते फूल काउंटरवर ठेवलं. तिने उचललं, उलटं केलं, पिन बघितली. ओळखायला वेळ लागला नाही.

"हे कुठे मिळालं?"

"मिळालं नाही. त्याच्या कोटात होतं. कॉलरच्या दुमडीत, आतल्या बाजूला."

"कधीपासून?"

"तू दिलंस तेव्हापासून. दर रविवारी."

ती किती तरी वेळ फुलावरून अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे त्यांना लाज नव्हती वाटत."

"नाही गं! जीव होता त्याचा त्यात. फक्त भीती होती."

"आणि हे त्या दिवशी तुझ्याकडे होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"गर्दीत उभी होतीस तेव्हा? तुझ्याजवळ?"

"पदरात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, सहा पांढरी बटणं हवी होती, आणि ती ती मोजायला लागली. मी घरी आले.

पुढच्या शनिवारी नवा निळा कोट इस्त्रीला आला. मी सवयीने कॉलरच्या दुमडीवरून हात फिरवला आणि पिन बोटाला लागली. आतल्या बाजूला. दुमडीतली बापाची नेमकी जागा तिला कुणी दाखवली नव्हती, पण बरोबर तीच. मी कोट तसाच मांडीवर घेऊन बसले आणि इतकी रडले की कोळसा विझला तरी कळलं नाही. मला वाटलं होतं, फूल हातात पडलं की ती सुटेल. तिने तर तेही आत घेतलं.

तेव्हापासून दर शनिवारी तेच. काढा, इस्त्री करा, लावा.

गेल्या शनिवारी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, पास्कालीन, एकदा गप्प बसलीस, आता तरी काहीतरी कर. मी कोट कडक इस्त्री केला आणि ते लाल फूल बाहेरच्या बाजूला टाचलं. छातीवर, ऐन मधे, आंधळ्यालाही दिसेल असं. आणि कोट पाठवून दिला. रविवारी दुपारपासून मी काही खाल्लं नाही. टपरीच्या दारात उभी.

चार वाजता तिचं दार उघडलं. गल्ली भरलेली. निळा कोट, पांढरे बूट, आणि छातीवर ते लाल. दारातच घाईने कोट चढवला होता, म्हणून तिने पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन माणसांनी मोजायला सुरुवात केली, "एक! दोन!" तिने आवाजाच्या रोखाने स्वतःच्या छातीकडे बघितलं आणि थांबली. माझे हात जोडले गेले. राहू दे, बाई माझी, राहू दे तिथेच, मोजू देत त्यांना, पोपट म्हणू देत, पोपट होऊन जा आणि उडून जा.

तिने काठी काखेत धरली, लोकांकडे पाठ केली, रुमाल काढायच्या निमित्ताने हात कोटात घातला. वळली तेव्हा छाती साफ होती. "तीन!" लोक ओरडले. तिने पॅंट दोन बोटांनी वर उचलली, मोजा दाखवला, आणि गल्लीभर "आऽऽ" झालं.

माझ्या टपरीसमोर आली तशी ती क्षणभर थांबली. लहानपणापासून ती मला मा म्हणत आलीय. तोंडातला पाइप काढून, खालच्या आवाजात, अगदी समजुतीने म्हणाली,

"पास्का, या वेळी चुकून बाहेर लागलं होतं. तुझ्याकडून असं होत नाही कधी."

आणि डाव्या पायावर दबत पुढे गेली.